मनगटाचा पट्टा : कुणाला, कोणता आणि किती दिवस?

"मनगट दुखतंय, एखादा पट्टा द्या" असे म्हणत मेडिकलच्या दुकानात जाणारी माणसे हल्ली रोज दिसतात. दुकानदार हाताकडे एक नजर टाकतो, 'मीडियम' म्हणतो आणि खोका पुढे करतो. दोन-तीनशे रुपयांत काम झाले, डॉक्टरची फी वाचली, असे वाटते. फी वाचली याचे मला दुःख नाही. पण नंबर न तपासता आपण दुसऱ्याचा चष्मा डोळ्यांवर चढवत नाही, मग पट्टा मात्र शेजाऱ्याने घेतला तसाच का घेतो?

माझ्या एका जुन्या रुग्णाची हकीकत आधी सांगतो. ते आमच्या मिरजेतले तंतुवाद्यांचे कारागीर. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले हे आपण वाचलेच असेल. ज्या हातांमुळे ते मिळाले, त्यांतलेच हे एक. वय साठीच्या पुढे. भोपळा कापणे, लाकूड तासणे ही कामे त्यांनी मुलांवर सोपवली होती, पण जवारी काढणे त्यांच्याकडेच होते. घोडीचा माथा कानशीने हलके हलके घासायचा, तार छेडून पाहायची, पुन्हा घासायचे. यात कान लागतो तसेच बोटांचे टोकही लागते. माथा कुठे किंचित उंच राहिला आहे हे बोटालाच कळते.

चाचा दवाखान्यात आले तेव्हा उजव्या मनगटाला घट्ट इलॅस्टिकचा पट्टा होता. "डॉक्टरसाहेब, पाच महिने झाले, रात्रंदिवस घालतोय. दुखणं कमी आहे, पण आता बोटाला काही कळतच नाही. परवा पटाशी लागली, रक्त दिसलं तेव्हा समजलं." पट्टा काढून हात पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी तळहातावर जो मांसल उंचवटा असतो, तो डाव्या हाताला भरलेला आणि उजव्या हाताला चपटा. हे पाहिल्यावर मला फार काही तपासायचे उरले नाही.

जुने कागद काढले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. दोन वर्षांपूर्वी तेच माझ्याकडे "रात्री हाताला मुंग्या येतात, उठून हात झटकावा लागतो" अशी तक्रार घेऊन आले होते आणि मी त्यांना बी जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. गर्दीची वेळ असेल, काही असेल. मनगट वाकवून पाहायला एक मिनिट लागते, ते मी दिले नव्हते. त्या वेळी रात्रीचा योग्य पट्टा दिला असता तर कदाचित पुढचे टळले असते.

हा आजार म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोम. मनगटात आठ लहान हाडे असतात. त्यांची एक कमान होते आणि वरून एक जाड पापुद्रा ताणलेला असतो. या बोगद्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक मज्जातंतू तळहातात जातो. आत सूज आली की हाडे काही सरकत नाहीत, चेपतो तो मज्जातंतू. म्हणून अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांत मुंग्या येतात. करंगळी सहसा मोकळी राहते. झोपेत मनगट दुमडले की दाब वाढतो, म्हणून त्रास रात्री. मधुमेह, थायरॉईडची कमतरता, संधिवात आणि गरोदरपणाचे शेवटचे महिने यांत तो अधिक आढळतो. तळहाताचा गादीचा भाग सतत दाबणारी कामेही त्रास वाढवतात. कानस चालवणे हे त्यातलेच, आणि दहा-बारा माणसांच्या भाकरीचे पीठ रोज मळणे हेही.

या आजारात पट्ट्याचे काम एकच : झोपेत मनगट सरळ ठेवणे. त्यासाठी हवा कॉक-अप स्प्लिंट, म्हणजे तळहाताच्या बाजूने धातूची पट्टी असलेला. नुसत्या इलॅस्टिकच्या पट्ट्याने मनगट सरळ राहत नाही. उलट तो आवळून बांधला तर आधीच चेपलेल्या मज्जातंतूवर बाहेरूनही दाब पडतो. चाचांचे हेच झाले होते. शेजारच्याचे मनगट मुरगळले होते, त्याला त्या पट्ट्याने बरे वाटले, म्हणून यांनीही तोच आणला.

एक बारीक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. तयार स्प्लिंटमधील धातूची पट्टी बहुधा मनगट वर उचलले जाईल अशी वाकवलेली असते. मुंग्यांच्या आजारात ती बाहेर काढून हाताने जवळजवळ सरळ करावी आणि मग परत सरकवावी. मनगट खाली दुमडल्याने दाब वाढतो तसा जास्त वर उचलल्यानेही वाढतो. सहा आठवडे रोज रात्री असा स्प्लिंट घालावा. गरोदर भगिनींना तर हा उपाय फारच सोयीचा, कारण त्यात पोटात औषध जात नाही आणि बाळंतपणानंतर त्रास बहुधा आपोआप ओसरतो. सहा आठवड्यांत फरक नाही, मुंग्या दिवसाही राहतात, हातातून भांडे निसटते किंवा अंगठ्याचा उंचवटा बसला आहे असे दिसले, तर मात्र पट्ट्यावर थांबू नये. मज्जातंतूची विद्युत तपासणी, इंजेक्शन किंवा लहानशी शस्त्रक्रिया यांचा निर्णय तज्ज्ञांनी घ्यायचा असतो.

दुसरा प्रकार अंगठ्याच्या बाजूने दुखण्याचा. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे झुकवले की कळ थेट कोपराकडे जाते. स्वित्झर्लंडच्या द केर्व्हाँ या शल्यविशारदाने १८९५ साली हे दुखणे वर्णिले. म्हणजे मिरजेत वान्लेस साहेबांचे मिशन हॉस्पिटल उभे राहिले त्याच्या पुढच्याच वर्षी. तान्ह्या बाळाला बगलेत हात घालून वारंवार उचलणाऱ्या आयांना हे हटकून होते. द्राक्षबागेत विरळणीच्या हंगामात दिवसभर कात्री चालवणाऱ्या बायकांतही मी पाहतो, आणि हल्ली अंगठ्याने मोबाईल खेळवणाऱ्या कॉलेजच्या मुलांतही. इथे अंगठा मोकळा सोडणारा पट्टा कितीही महाग असला तरी उपयोगाचा नाही. अंगठ्याच्या मुळाला धरून ठेवणारा थंब स्पायका हवा. अंगठ्याचे टोक तेवढे मोकळे राहावे. हा दिवसा, कामाच्या वेळी घालायचा. बाळाला उचलताना तळव्यांवर घ्यावे, अंगठ्याच्या बेचक्यात नव्हे.

साध्या मुरगळण्याला मऊ पट्टा चार-आठ दिवस चालतो, त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही. सावध राहायचे ते पडल्यानंतर. गाडीवरून घसरून तळहातावर पडलात, अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो तिथे दाबल्यावर दुखते, तर ते मुरगळणे समजू नका. तिथल्या स्कॅफॉईड नावाच्या हाडाचा तडा पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. तोवर डॉक्टर हात बांधून ठेवायला सांगतात आणि रुग्ण "फोटो तर नॉर्मल आहे" म्हणून सोडून टाकतो. या हाडाचा रक्तपुरवठा तोकडा आहे, न जुळलेले राहिले तर पुढे मनगट कायमचे दुखते.

आता माप. मनगटाच्या बाहेरच्या अंगाला हाडाचा गोल उंचवटा असतो, त्याच्या जवळून टेप फिरवून घेर मोजावा आणि खोक्यावरच्या सेंटिमीटरशी ताडावा. डावा-उजवा पाहून घ्यावा. घातल्यावर मूठ पूर्ण मिटली पाहिजे. ज्योतिषी जिला हृदयरेषा म्हणतात, तिच्या अलीकडे पट्ट्याची कड संपली पाहिजे. त्यापुढे गेली तर बोटे मुडपत नाहीत. पट्ट्याखाली एक बोट सहज सरकले पाहिजे. बोटे निळसर, गार किंवा सुजलेली दिसली तर लगेच सैल करा.

बांगड्यांवरून पट्टा बांधून आलेल्या भगिनी मला दर महिन्याला भेटतात. काच वा धातू मनगटात रुतत असतो, पण "बांगडी काढायची नाही" हे सासूबाईंचे फर्मान. मी वाद घालत नाही. त्या हातातल्या बांगड्या पट्ट्याच्या वर, कोपराकडे सरकवा. सैल असतील तर राहतात.

उन्हाळ्यात जाड रबरी कापडाच्या पट्ट्यात घाम साचतो आणि पुरळ उठते. आत पातळ सुती मोज्याची नळी कापून घालावी. दोन पट्टे आलटून पालटून वापरले तर उत्तमच. ओला पट्टा हातावर वाळवू नये. मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री पट्टा काढून कातडी पाहावी, कारण त्यांना फोड आल्याचे कळतच नाही. धातूची पट्टी असलेला स्प्लिंट घालून मोटारसायकल चालवू नये. ब्रेक आणि क्लच दाबताना मनगट वळावे लागते.

रात्रंदिवस महिनोन् महिने पट्टा घालणारे मनगट ताठर होते आणि हाताचे स्नायू रोडावतात. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीनंतर तो उतरवायचाच, आणि त्या मुदतीतही दिवसातून तीन-चार वेळा काढून बोटे उघडझाप करायची. प्लास्टर काढल्यावर आधाराला दिलेला पट्टा भीतीपोटी वर्षभर घालणाऱ्या आजीबाई मी पाहिल्या आहेत. त्यांचे हाड जुळले होते, हात मात्र आखडला होता.

चाचांची शस्त्रक्रिया झाली. रात्रीच्या मुंग्या त्याच आठवड्यात थांबल्या, झोप लागू लागली. बोटांची संवेदना वर्षभर हळूहळू परतली, पण पूर्वीइतकी नाही आणि अंगठ्याचा उंचवटा भरला नाही. आता कानस पुतण्या चालवतो. चाचा शेजारी बसून तार छेडतात आणि माथा कुठे घासायचा ते कानाने ऐकून सांगतात.