परदेशस्थ रुग्णाचे पथ्य : देश-कालाचा विचार

चरकसंहितेच्या विमानस्थानात प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता ही आठ आहारविधिविशेषायतने वर्णिली आहेत. ती आपणा सर्वांस मुखोद्गत असतात. व्यवहारात मात्र देश व काल निसटतात. या संदर्भातील स्वानुभव नमूद करतो.

टोरांटो येथील एका नोकरदार मराठी भगिनीस अम्लपित्तासाठी दूरध्वनीवरून चिकित्सा दिली. 'सूर्यास्तापूर्वी भोजन, अन्न ताजेच' हे नेहमीचे पथ्य सांगितले. महिना लोटला तरी उपशय नाही. सविस्तर विचारणा करता उलगडा झाला. डिसेंबरात तेथे पावणेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. त्या वेळी रुग्णा कचेरीत. पथ्य मोडू नये म्हणून ती चार वाजता डब्यातील गार पोळी खाई व रात्री दहाला भूक अनावर होऊन मुलांचे उरलेले अन्न. जूनमध्ये तोच सूर्यास्त रात्री नऊला! दोष रुग्णेचा नव्हता, माझ्या पथ्याचा होता.

औषध तेच ठेवून पथ्य बदलले. निद्रेपूर्वी तीन तास, म्हणजे सायंकाळी सातला, कुटुंबासमवेत उष्ण वरण-भात. रविवारी आठवड्याचा स्वयंपाक न करता केवळ भाज्या निवडून, चिरून ठेवाव्यात. भात उरल्यास दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा, एकदाच गरम करावा. तीन आठवड्यांत उरोदाह व अम्लोद्गार पुष्कळ उणावले.

सबब, वैद्यबंधूंनी व औषधालयचालकांनी छापील पथ्यपत्रक परदेशी धाडण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : घरी केव्हा परतता? स्वयंपाक कोण, केव्हा करते? सर्वजण एकत्र केव्हा जेवता? कल्पाची निवड त्यानंतर.