गावाबाहेर कामाला जाणाऱ्या गरोदर मातेची काळजी



आपले मन्नाएखेळ्ळी पुणे-हैदराबाद महामार्गावर आहे. या रस्त्याने आपल्या भागातील अनेक कुटुंबे बांधकामावर किंवा ऊसतोडीला जातात. त्यांत गरोदर स्त्रियाही असतात. गाव सुटले की तपासणी सुटते. ती सुटू नये, यासाठी हा पाठ.

प्रथम एक गणित करू. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने व सात दिवस मिळवले की प्रसूतीची अंदाजे तारीख मिळते. १० जून असेल तर १७ मार्च. ऊसतोड साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते. म्हणजे ही स्त्री पाच महिन्यांची गरोदर असताना फडात जाते आणि बाळंतपण कोपीवर येऊन ठेपते.

फडात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली असते, खाडा पडला की मजुरी बुडते. त्यामुळे 'विश्रांती घे' एवढे सांगून भागत नाही. मोळी उचलणे व गाडी भरणे घरच्यांनी आणि टोळीने आपल्याकडे घ्यावे, तपासणीच्या दिवशी मुकादमाने सुटी द्यावी.

निघण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात :

१) आशाताईंना कुठे जाणार ते सांगावे. तायी कार्ड सोबत घ्यावे.

२) लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस घ्याव्या लागतात. पुरेशा गोळ्या सोबत न्याव्यात. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नयेत. लोह अंगी लागत नाही.

३) हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. ७ पेक्षा कमी असल्यास ताबडतोब दवाखान्यात जावे.

४) २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही.

५) सरकारी दवाखान्यात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे व रक्त मोफत देण्याची योजना २०११ पासून देशभर आहे.

रक्तस्राव, पाणी जाणे, ताप, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, झटके किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ वर फोन करावा.

आता आपल्या विद्यार्थ्यांचे काम. तायी कार्डावरचा मजकूर बहुतेक कन्नडात असतो. महाराष्ट्रातील नर्सबाईंना तो वाचता येईलच असे नाही. आपल्याला दोन्ही भाषा येतात.

स्वाध्याय : घरात किंवा शेजारी कोणी गरोदर असून बाहेरगावी जाणार असेल, तर त्यांना विचारून कार्डावरील प्रसूतीची तारीख, रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब व धनुर्वाताच्या इंजेक्शनची नोंद एका कागदावर मराठीत सुवाच्य अक्षरांत लिहा. आशाताईंकडून तपासून घ्या व कार्डाला जोडा. माहिती इतरांना सांगू नका.

शाळेत शिकलेल्या दोन भाषांचा याहून चांगला उपयोग आम्हांला तरी दिसत नाही.