नेटवर्क अभियंत्याचा व्यवसाय : एका अपग्रेडच्या निमित्ताने

नाशिकरोडचे नोटांचे मुद्रणालय, ओझरचा विमान कारखाना आणि पुढे सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती यांनी नाशिकच्या मध्यमवर्गीय कुटुंबांच्या मनात स्थिर उपजीविकेचे जे चित्र रुजविले, त्यात संगणकाची नोकरी बसत नाही म्हणून अनेक पालक चिंतातुर असतात. आणि मुलाला प्रोग्राम लिहिण्याची गोडी नाही असे दिसले, की ही वाट त्याला बंदच झाली असेही ठरवून मोकळे होतात. या दोन्ही समजुती मला अग्राह्य वाटतात. नेटवर्कची सुरक्षा सांभाळणाऱ्या अभियंत्याचे काम प्रोग्रामरच्या कामाहून पुष्कळ निराळे असून, सावधगिरी, क्रमनिष्ठा आणि बिनचूक नोंदी ठेवण्याची सवय ज्याच्या अंगी आहे त्याला ते विशेष मानवते. त्यातील एकच काम, फायरवॉलचे अपग्रेड म्हणजे तिच्यात नवी आवृत्ती बसविणे, येथे तपशिलाने सांगतो.

बँकेच्या वा रुग्णालयाच्या नेटवर्कच्या वेशीवर, आत येणारी आणि बाहेर जाणारी प्रत्येक माहिती नियमांबरहुकूम तपासणारे फायरवॉल नावाचे यंत्र असते, आणि ते बंद पडल्यास सारा व्यवहार ठप्प होऊ नये म्हणून बहुधा अशा दोन यंत्रांची जोडी बसवितात : एक ॲक्टिव्ह, दुसरे स्टँडबाय. या यंत्रांतील सॉफ्टवेअरमध्येही दोष निघतात. १२ एप्रिल २०२४ रोजी पालो आल्टो नेटवर्क्स या कंपनीच्या फायरवॉलमधील जो दोष जाहीर झाला तो तीव्रतेच्या मापनात १० पैकी १० ठरला. हल्लेखोर त्याचा उपयोग आधीपासूनच करीत होते, आणि दुरुस्त आवृत्त्या १४ तारखेपासून, म्हणजे रविवारी, मिळू लागल्या. अशा वेळी अपग्रेड तहकूब ठेवण्याची मुभा नसते. पूर्वी बँकेची कचेरी बंद झाली की रात्रभर अवकाश मिळे. परंतु १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस अहोरात्र चालू झाल्यावर तो अवकाशही उरला नाही.

म्हणून या कामाचा खरा भाग यंत्राला हात लावण्याआधीच घडतो. सध्याच्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर थेट जाता येते की मध्ये एखादा टप्पा घ्यावा लागतो हे निर्मात्याच्या टिपणांत वाचावे. दोन्ही यंत्रांच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप यंत्राबाहेर सुरक्षित ठेवावा. चालू सेशन, म्हणजे जोडण्या, किती, व्हीपीएनचे (दूरच्या ठिकाणांशी सुरक्षितपणे जोडणारे) बोगदे किती, याची नोंद करावी. नेटवर्क तुटले तरी यंत्रापाशी पोहोचता यावे म्हणून कन्सोल केबल जोडून ठेवावी. आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जुनीच आवृत्ती असताना एकदा फेलओव्हर, म्हणजे कारभार स्टँडबायकडे सोपविण्याचा प्रयोग, करून पाहावा. कित्येक ठिकाणी स्टँडबाय यंत्र वर्षानुवर्षे नावापुरतेच उभे असते, आणि त्याची एखादी केबल चुकीच्या पोर्टात आहे हे ऐन अपग्रेडच्या रात्री उघडकीस येते.

मग प्रथम स्टँडबाय अपग्रेड करावयाचे, ते पुन्हा सुरू होऊन जोडीदाराशी त्याचा संपर्क जुळला याची खातरजमा करावयाची, आणि त्यानंतरच कारभार त्याच्याकडे सोपवावयाचा. त्या क्षणी अभियंत्याच्या पडद्यावर पिंगच्या, म्हणजे पलीकडून उत्तर येते का हे सतत विचारणाऱ्या आज्ञेच्या, ओळी एकामागून एक सरकत असतात. मध्येच एक-दोन वेळा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आऊट’ उमटते, आणि उत्तरे पुन्हा येऊ लागतात. दोन यंत्रांच्या आवृत्त्या भिन्न असेपर्यंत सगळी सेशन एकीकडून दुसरीकडे जातीलच असे नसते, तेव्हा काही जोडण्या तुटतात, हे संबंधितांना आधीच लेखी कळविलेले बरे. बँकेचा व्यवहार, ईमेल, व्हीपीएन यांची चाचणी पुरी होईपर्यंत जुने यंत्र जुन्याच आवृत्तीवर ठेवावे, कारण परतीची वाट तीच आहे; चाचणी यशस्वी झाली की मग त्याचे अपग्रेड. दोहोंना जोडणारी, जोडीदार चालू असल्याची खूण पोहोचविणारी हार्टबीटची तार मात्र निखळता कामा नये, नाहीतर दोन्ही यंत्रे स्वतःला ॲक्टिव्ह समजून एकाच आयपी पत्त्यावर हक्क सांगू लागतात.

या व्यवसायात शिरण्यास अभियांत्रिकीची पदवीच हवी असे नाही. संगणक वा इलेक्ट्रॉनिक्सची पदविका, बीसीए, बीएस्सी यांवरही आरंभ होतो, आणि नोकरी करता करता पदवी पुरी करणाऱ्यांसाठी नाशिकमध्येच १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. टीसीपी-आयपी, राउटिंग आणि स्विचिंग पक्के झाल्यावर सिस्कोची सीसीएनए ही परीक्षा द्यावी. एखाद्या कंपनीच्या फायरवॉलचे प्रमाणपत्र त्यानंतर. सरावासाठी सिस्कोचे पॅकेट ट्रेसर विनामूल्य मिळते. आरंभीची नोकरी बहुधा पाळ्यांची असते, आणि मोठ्या संधींसाठी पुण्या-मुंबईस जावे लागण्याचा संभव आहे, हे पालकांनी आधीच मनाशी धरावे. रात्रपाळीच्या धास्तीने मुलींना या क्षेत्रापासून परावृत्त करणे मात्र अन्यायाचे आहे. येण्या-जाण्याचा बंदोबस्त काय, हे नोकरी देणाऱ्यास स्पष्ट विचारावे, मुलीची इच्छा मोडू नये.

खाजगी क्लासचे शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी पाल्याला घेऊन तेथील प्रयोगशाळेत जावे, दोन फायरवॉल जोडलेल्या आहेत का ते पाहावे, आणि पिंग चालू ठेवून ॲक्टिव्ह यंत्राची केबल आमच्यासमोर काढून दाखवा, असे सांगावे. जेथे यास टाळाटाळ होईल, तेथे नोकरीच्या हमीची जाहिरात कितीही मोठी असली तरी पैसे भरू नयेत.