काळजी काळजाला लागते ती अशी

“काळजात धस्स झालं”, “ऊर भरून आला”, “छातीवर दडपण आलं” असं आपण सहज बोलतो. मनाचं दुखणं आपल्या भाषेने छातीशीच आणून ठेवलं आहे. मंदिरात येणारे आपण बहुतेक साठीच्या पुढचे. पिशवीत गोळ्यांची डबी असते, साखर-रक्तदाब तपासलेला असतो; मनाचं काय चाललंय ते मात्र कोणी विचारत नाही. म्हणून हा पाठ.

राग आला किंवा भीती वाटली, की मेंदूचा निरोप मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथींना पोचतो. ॲड्रेनालिन रक्तात उतरतं. नाडी धावते, रक्तदाब चढतो, यकृतातली साखर रक्तात येते, रक्तही लवकर गोठायला तयार होतं. समोर वाघ असेल तर हे सगळं उपयोगाचं, कारण पळालं की उतरतं. पण कापूरबावडीच्या वाहतुकीत अडकलेल्याने, किंवा जागेच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षं अबोला धरलेल्याने पळायचं कुठे? वाघ गेलेलाच नसतो, तो घरात बसलेला असतो. अशा माणसाच्या रक्तवाहिन्यांना विसावा मिळत नाही, आणि आतून आधीच चरबी साचलेली असेल तर धोका वाढतो.

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात फ्रीडमन आणि रोझेनमन या दोन हृदयतज्ज्ञांनी १९५९ साली एक निरीक्षण मांडलं. सतत घाई, चढाओढ आणि चिडचिड असलेल्यांत हृदयविकार जास्त दिसतो, असं त्यांचं म्हणणं. या स्वभावाला त्यांनी ‘टाइप ए’ नाव दिलं. पुढे इतरांनी तपासलं तेव्हा हे मत जसंच्या तसं टिकलं नाही. नुसती धावपळ, कामाची आवड एवढी दोषी ठरली नाही. दोष अधिक करून निघाला तो मनातल्या वैरभावाचा, दुसऱ्यावर सतत संशय घेण्याचा. मला हे पटतं. दिवसभर कष्ट करून रात्री गाढ झोपणारी माणसं आपण पाहिली आहेत.

स्वभाव बदलतो का? औषध म्हणतात तशी एक परीक्षा याच फ्रीडमन यांनी केली. एकदा झटका येऊन गेलेल्या रोग्यांपैकी काहींना नेहमीच्या सल्ल्याबरोबर घाई आणि राग आवरायलाही शिकवलं. साडेचार वर्षांत पुन्हा झटका येण्याचं प्रमाण त्यांच्यात सुमारे १३ टक्के, तर नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांत २१ टक्के राहिलं.

दुःखाची गोष्ट आणखी वेगळी. १९९० च्या सुमारास जपानी डॉक्टरांनी ‘ताकोत्सुबो’ नावाचा विकार वर्णन केला. जवळचं माणूस गेल्याच्या धक्क्याने हृदयाचा खालचा भाग एकाएकी फुग्यासारखा होतो. त्याचा आकार तिथल्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. लक्षणं हुबेहूब झटक्याची, पण मोठ्या वाहिनीत गुठळी सापडत नाही. हा विकार जास्त करून पाळी गेलेल्या बायकांना होतो. बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात, तरी सुरुवातीला जिवाला धोका असतोच. तेव्हा घरात मयत झालं, की तेराव्यापर्यंत सगळे असतात. चौदाव्या दिवशी त्या माउलीजवळ कोण बसतं, ते पाहावं.

आपल्याकडचं उदाहरण गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांचं. गावोगावच्या बालमृत्यूंवर काम करणाऱ्या या डॉक्टरांना १९९५ साली, ऐन चाळिशीत, हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टर असूनही! त्यांनी आपली जगण्याची रीतच तपासून पाहिली. आहार, चालणं, योगासनं, ध्यान यांची जोड दिली आणि ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक लिहिलं. घरी असेल तर पुन्हा काढून वाचावं.

अवधूतांच्या चोवीस गुरूंमध्ये कुरर पक्षी आहे. चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर बलवान पक्षी त्याला टोचत राहिले. तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. प्रत्येकाचा तुकडा निराळा. कोणाचा जमिनीचा, कोणाचा “माझंच ऐकलं पाहिजे” हा.

आता एक सावधगिरी. झटका आलेल्याला “तुझा स्वभावच असा” म्हणून बोल लावू नये. तंबाखू, मधुमेह, अनुवंश हीदेखील मोठी कारणं आहेत. जप करताना श्वास संथ होतो, नाडी शांत होते, हे खरं. म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, एकाएकी धाप असं झालं, तर “गॅस असेल” म्हणून ओवा चघळत बसू नये. बायकांना कधी नुसता थकवा आणि मळमळच जाणवते. लगेच १०८ ला फोन करावा. पत्ता सांगताना बाळकुम नुसतं न म्हणता पाडा नंबर आणि जवळची खूणही सांगावी.