घरच्या दुधातून कुरकुरीत प्रथिने : पनीरच्या भाजक्या चकत्या

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुका म्हटला की यंत्रमाग आणि गोदामे डोळ्यांसमोर येतात. परंतु याच तालुक्यात भाताची खाचरे आहेत, भात निघाल्यावर ओलीवर घेतला जाणारा वाल व हरभरा आहे, आणि म्हशींचे गोठेही आहेत. मुंबई शहरातील गोठे हलविण्यासाठी १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. पुढे शहर वाढत गेले तसे दुभत्या म्हशींचे गोठे ठाणे जिल्ह्यातील कल्याण-भिवंडी भागातही पसरले. भिवंडी-कल्याण रस्त्यावरील टेमघर (मुळशी तालुक्यातील धरणाचे टेमघर वेगळे) आणि आसपासच्या गावांना त्यामुळे ताजे म्हशीचे दूध जवळच मिळते.

दूध हा नाशवंत माल आहे. एक वेळचे दूध उचलले गेले नाही तर दुपारपर्यंत त्याचे मोल जाते. २०२० च्या टाळेबंदीत चहाची दुकाने, हॉटेले व मिठाईची दुकाने एकाच वेळी बंद झाली, तेव्हा राज्य शासनाला दररोज दहा लाख लिटर अतिरिक्त दूध विकत घेऊन त्याची भुकटी करण्याचा निर्णय घ्यावा लागला. ज्याच्या घरी एक-दोन म्हशी आहेत त्याला भुकटीचा कारखाना उभारता येणार नाही. मात्र उरलेल्या दुधाचे पनीर, आणि पनीरचे महिनाअखेरही डब्यात राहील असे कोरडे खाणे, ही गोष्ट घरच्या चुलीवर जमण्यासारखी आहे.

दुसरी बाजू घरातील मुलांची. गोठ्यात दूध असूनही मधल्या वेळी मुलांच्या हाती तळलेली पाकिटे असतात. त्यांत पिष्ट, तेल व मीठ भरपूर, प्रथिने थोडी. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसास दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६५ किलो वजनाच्या पुरुषास सुमारे ५४ ग्रॅम. भाताचे प्रमाण जास्त असलेल्या कोकणी आहारात ही गरज भागविण्यासाठी डाळ, मासे, अंडी किंवा दूध यांची जोड हवीच.

कुरकुरीतपणा कशामुळे येतो?

पनीरमध्ये निम्म्याहून अधिक पाणी असते. हे पाणी चार-पाच टक्क्यांपर्यंत उतरले की पदार्थ कुरकुरीत होतो. दहा टक्के पाणी राहिले तर तो चिवट लागतो आणि सतरा-अठरा टक्के राहिले तर नुसता मऊ. म्हणून या पदार्थातील खरे काम पाणी काढण्याचे आहे. तळताना हे पाणी जाते, पण त्याच्या जागी तेल शिरते. भाजताना पाणी जाते आणि बाहेरचे तेल आत येत नाही.

पनीर उष्णतेने वितळत नाही, त्यामुळे त्याची लाटून पातळ चकती करता येते. नुसत्या पनीरचे तुकडे भाजले तर ते बाहेरून कडक व आतून रबरासारखे होतात. त्यात थोडे डाळीचे पीठ व तांदळाचे पीठ मिसळले की चकती पातळ लाटली जाते आणि मोडताना खुसखुशीत तुटते.

पनीर तयार करणे

१) एक लिटर म्हशीचे ताजे दूध उकळून, थंड करून रात्रभर शीतकपाटात ठेवावे व सकाळी साय काढून घ्यावी. सायीचे तूप होईल. चकत्यांसाठी साधारण ३ टक्के स्निग्धांशाचे दूध चांगले; पूर्ण सायीच्या दुधाच्या चकत्या तुपकट होतात व लवकर खवट होतात. संस्थेत दूध घालत असाल तर स्निग्धांश तपासून घ्यावा.

२) दूध ढवळत ९० अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे उकळी येण्याच्या बेतात, तापवावे. यामुळे रोगजंतू मरतात. शिवाय एरवी पाण्यात निघून जाणारी काही प्रथिने केसीनबरोबर सापडतात व उतारा वाढतो.

३) भांडे उतरवून दूध ७० अंशांपर्यंत निवू द्यावे. २ ग्रॅम सायट्रिक आम्ल (चहाचा सपाट अर्धा चमचा) २०० मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवून बारीक धारेने सोडावे व हलक्या हाताने ढवळावे. आम्ल नसल्यास दोन-तीन कागदी लिंबांचा सुमारे ४० मिलिलिटर रस गाळून वापरावा.

४) हिरवट, नितळ निवळी सुटली की आम्ल घालणे थांबवावे. निवळी पांढरी दिसत असेल तर दूध पुरते फाटलेले नाही. थोडे आम्ल आणखी सोडावे. जास्त आम्ल झाले तर पनीर आंबट व ठिसूळ होते.

५) पाच-दहा मिनिटांनी धुतलेल्या मलमलच्या कापडातून गाळावे, पुरचुंडी बांधून तीन-चार किलोच्या वजनाखाली अर्धा तास दाबावे. भाजीसाठी पनीर करताना ते थंड पाण्यात बुडवतात. येथे बुडवू नये, कारण आपल्याला पाणी घालवायचेच आहे.

एक लिटर दुधापासून साधारण १६० ग्रॅम पनीर मिळते.

चकत्यांसाठी प्रमाण

पनीर – १६० ग्रॅम
हरभरा डाळीचे पीठ – ६० ग्रॅम
तांदळाचे पीठ – २० ग्रॅम
तीळ – १० ग्रॅम
मीठ – ३ ग्रॅम
ओवा, जिरे व मिरपूड मिळून – ३ ग्रॅम

एकूण सुमारे २५५ ग्रॅम. पाणी अजिबात घालू नये. पनीरमधील ओलावा पुरतो.

यातील प्रत्येक वस्तूला काम आहे. डाळीच्या पिठात गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात, ती तीळ व तांदूळ भरून काढतात. तांदळात लायसीन कमी असते, ते दूध व डाळ पुरवतात. हरभरा घरचा असेल तर फारच चांगले. भात कापणीनंतर जमिनीत ओल असताना वेळेवर पेरलेला हरभरा घरच्या डाळीची बेगमी करतो आणि जमिनीला नत्रही देतो.

बाजारातील चीजची चव हवी असल्यास २० ग्रॅम किसून मिसळावे व मीठ निम्मे करावे, कारण चीजमध्ये मीठ असतेच. नुसत्या प्रक्रिया केलेल्या चीजच्या चकत्या भाजल्या तर त्या वितळून पसरतात.

कृती

१) पनीर परातीत तळहाताने दहा मिनिटे मळून लोण्यासारखे मऊ करावे. रवाळ राहिले तर चकतीला भेगा पडतात.

२) डाळीचे पीठ कोरडेच मंद आचेवर पाच मिनिटे भाजून निववावे. कच्चा वास जातो. मग सर्व साहित्य पनीरमध्ये मिसळून गोळा करावा व पंधरा मिनिटे झाकून ठेवावा.

३) प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये गोळा ठेवून २ मिलिमीटर जाडीची पोळी लाटावी. जाडी सर्वत्र सारखी हवी. जाड भाग मऊ राहतो आणि तोवर पातळ भाग करपतो.

४) शंकरपाळ्याच्या कातणाने चौकोनी तुकडे करावेत व काट्याने प्रत्येकी तीन-चार टोचे द्यावेत. वाफ टोच्यांतून निघून जाते, पापुद्रा फुगत नाही.

५) तेलाचा हलका हात फिरवलेल्या ताटात तुकडे एकमेकांना न चिकटता मांडावेत. ओव्हन १६० अंशांवर तापवून १८ ते २० मिनिटे भाजावे, मध्ये एकदा उलटावे.

६) नंतर आच ११० ते १२० अंशांवर आणून आणखी १५ ते २० मिनिटे वाळवावे. घाईने १८० अंशांवर ठेवल्यास दुधातील साखर व प्रथिने लवकर तांबूस होतात, कडू चव येते आणि आतले पाणी तसेच राहते. पहिली आच रंगासाठी, दुसरी आच कुरकुरीतपणासाठी, हे ध्यानात ठेवावे.

ओव्हन नसेल तर

जाड बुडाच्या कढईत दोन बोटे मीठ किंवा स्वच्छ कोरडी वाळू पसरावी, वर तिवई ठेवावी, झाकण घालून दहा मिनिटे तापवावे. मग चकत्यांचे ताट तिवईवर ठेवून झाकण घालावे व मंद आचेवर २५ ते ३० मिनिटे भाजावे. झाकणावर जमलेले पाणी दोन-तीन वेळा पुसावे, नाही तर ते चकत्यांवर ठिबकते. दिवाळीत नानकटाईचे ताट गावच्या बेकरीतून भाजून आणण्याची रीत आपल्याकडे आहेच. पाव काढल्यानंतर उतरत्या आचेची भट्टी या चकत्यांना फार योग्य असते. चार घरांनी मिळून माल नेला तर इंधनही वाचेल.

तराजूची परीक्षा

गरम चकती नेहमी मऊ लागते, त्यामुळे हाताने दाबून अंदाज चुकतो. तराजू मात्र फसवत नाही. वरील मिश्रणात पाणी सोडून सुमारे १५३ ग्रॅम घन पदार्थ आहेत. म्हणून २५५ ग्रॅम गोळ्याचा तयार माल १६० ग्रॅमवर आला की त्यात साडेचार टक्क्यांच्या आसपास पाणी उरले असे समजावे. १७० ग्रॅमवर थांबलात तर पाणी दहा टक्के, १८५ ग्रॅमवर सतरा टक्के. वजन जास्त असेल तर पुन्हा मंद आचेवर ठेवावे.

पनीर कमी दाबले गेल्याने १६० ऐवजी १८० ग्रॅम भरले, तरी शेवटचे लक्ष्य १६० ग्रॅमच राहते. जादा वीस ग्रॅम म्हणजे पाणीच. दुधाचा स्निग्धांश मात्र ३ पेक्षा जास्त असेल तर दर एक टक्क्यास लक्ष्य सुमारे ९ ग्रॅमने वाढवावे.

पोषणाचा हिशोब

एक लिटर दुधाच्या पनीरमधून साधारण ३६ ग्रॅम, डाळीच्या पिठातून १२ ते १३ ग्रॅम, तांदूळ व तिळातून ३ ग्रॅमच्या वर, अशी एकूण ५१-५२ ग्रॅम प्रथिने १६० ग्रॅम चकत्यांत येतात. म्हणजे १०० ग्रॅममध्ये सुमारे ३२ ग्रॅम. मुलाने मूठभर, ३० ग्रॅम, खाल्ले तर जवळजवळ १० ग्रॅम प्रथिने मिळतात. स्निग्धांश १०० ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास राहतो. पदार्थ पौष्टिक असला तरी भरपेट खाण्याचा नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावा.

साठवण

चकत्या पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात भराव्यात. कोमट भरल्यास आतल्या वाफेनेच सादळतात. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवल्यास दोन ते तीन आठवडे चांगल्या राहतात. पावसाळ्यात कोकणच्या दमट हवेत मोठा डबा रोज उघडण्यापेक्षा छोटे डबे भरावेत. सादळलेल्या चकत्या ११० अंशांवर दहा मिनिटे ठेवल्या की पुन्हा कुरकुरीत होतात. खवट वास आला तर मात्र टाकून द्याव्यात. खवटपणा भाजून जात नाही.

निवळी फेकू नका

निवळीत दुधातील साखर, क्षार व थोडी प्रथिने असतात. तिच्यात भाकरीचे पीठ मळावे, आमटी-कढीला वापरावी किंवा ताजी असताना जनावरांच्या आंबोणात थोडी थोडी मिसळावी. नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ती कुजताना पाण्यातील प्राणवायू खेचून घेते व दुर्गंधी सुटते.

विक्रीपूर्वी

प्रथम घरच्यासाठी चार-पाच वेळा करून हात बसवावा. विक्री करायची असल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे घरगुती उत्पादकालाही नोंदणी घ्यावी लागते. पाकिटावर घटक, वजन, उत्पादनाची तारीख व दूध-तीळ असल्याची नोंद स्पष्ट असावी. दर ठरविताना १ लिटर दुधाला १६० ग्रॅम माल हे सूत्र धरून दूध, पीठ, इंधन, पाकीट आणि घरातील बाईची मजुरी यांची बेरीज करावी व सायीच्या तुपाची किंमत वजा करावी. मजुरी हिशोबात न धरल्यामुळे अनेक घरगुती उद्योग नफ्यात दिसतात आणि वर्षभरात बंद पडतात. हिशोब जमत नसेल तर विकण्याचा आग्रह धरू नये. घरच्या मुलांनी खाल्ले तरी दूध कारणी लागते.

पनीर विकत आणून चकत्या करणाऱ्यांनी पिष्टाची परीक्षा करावी. तुकडा पाण्यात उकळून थंड करावा व त्यावर आयोडीन टिंक्चरचे दोन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर पिष्ट मिसळलेले आहे. वनस्पती तेलाचे बनावट पनीर या परीक्षेत सापडत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. म्हणून जेथे दूध घरचे आहे तेथे पनीरही घरचेच करावे, हे उत्तम. तेवढी खात्री कोणतेही पाकीट देऊ शकत नाही.