जुन्या गाडीच्या ब्रेकांतील हवा घरीं कशी काढावी

पावसाळा सरून सोयाबीनची मळणी झाली म्हणजे नांदेड, लातूर, उदगीर येथील बाजारांकडे पोतीं निघूं लागतात, आणि त्याच सुमारास चार महिने गोठ्यालगत उभी असलेली जुनी गाडी पुन्हां रस्त्यावर येते. आपल्या भागांत अशा गाड्या अद्याप पुष्कळ आहेत. कोठें महिंद्रची जीप, कोठें अँबॅसेडर, तर कोठें पहिल्या वर्षांतील मारुती. अँबॅसेडरचें उत्पादन २०१४ मध्यें थांबलें, व ही गाडी अंतर्बाह्य जाणणारे मिस्त्रीही आतां वयस्क होत चालले आहेत. म्हणून कांहीं कामें मालकास स्वतः येणें अगत्याचें झालें आहे. गाडी जुनी असणें हा दोष नव्हे. परंतु तिच्या ब्रेकाविषयीं एक समजूत सर्वत्र आढळते, ती मात्र फार घातक आहे. गाडीवान सांगतो, "ब्रेक उत्तम आहे, फक्त दोनदां दाबावा लागतो."

या वाक्याचा हिशेब करून पाहावा. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी दर सेकंदास सुमारें ११ मीटर अंतर तोडते. पहिला दाब फुकट जाऊन दुसरा दाब लागूं होईपर्यंत एकच सेकंद गेला असें धरलें, तरी तेवढ्या वेळांत गाडी ब्रेकावांचून ११ मीटर पुढें जाते. बैल जुंपलेल्या दोन गाड्या एकामागें एक उभ्या केल्या तर जी जागा व्यापतील, जवळजवळ तेवढें हें अंतर आहे. तिन्हीसांजेस मागें दिवा नसलेली उसाची गाडी पुढें असतां या ११ मीटरांचा अर्थ काय, हें निराळें सांगावयास नको. आणि जीपमध्यें अशा वेळीं एकटा गाडीवान नसतो. माळेगांवच्या यात्रेस जाणाऱ्या जीपमध्यें सारें घर बसलेलें असतें.

या ब्रेकाची रचना समजली म्हणजे दोषही आपोआप समजतो. बंद भांड्यांतील द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व बाजूंस सारखाच पोंचतो, हा नियम फ्रान्समधील पास्कल यानें सतराव्या शतकांत सांगितला. मोटारीच्या ब्रेकास तो लावण्याचें काम अमेरिकेंत माल्कम लॉकहीड यानें केलें, व १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीस चारही चाकांचे ब्रेक या तत्त्वावर बसविले गेले. महायुद्धासाठीं १९४१ पासून बनलेल्या विलिस जीपलाही असेच ब्रेक होते, आणि आपल्याकडील जुनी जीप तिच्याच वंशांतली. पायडल दाबलें कीं मुख्य सिलिंडरांतील, म्हणजे मास्टर सिलिंडरांतील, ऑइलवर दाब पडतो. तो नळ्यांतून प्रत्येक चाकाच्या लहान सिलिंडरास पोंचतो, व तेथील दट्ट्ये ब्रेकशूंना ड्रमवर रेटतात. द्रव दबत नाहीं, म्हणून हें साधतें. हवा मात्र दबते. नळींत हवेचा बुडबुडा शिरला कीं पायाचा सारा जोर त्यास चेपण्यांतच खर्च होतो. विहिरीवरील डिझेल इंजिनाच्या नळींत हवा धरली म्हणजे इंजिन गचके खाऊन बंद पडतें, आणि नट ढिला करून हवा सोडल्यावर पुन्हां चालूं होतें, हें कोणत्या शेतकऱ्यास ठाऊक नाहीं? ब्रेकाचा प्रकार त्याच जातीचा आहे. फरक एवढाच कीं इंजिन बंद पडलें तर पाणी थांबतें. येथें गाडी थांबत नाहीं.

तथापि पायडल खालीं जातें म्हणजे हवाच धरली आहे, असें एकदम मानूं नये. गाडी उभी ठेवून पायानें परीक्षा करावी. पायडल दाबल्यावर स्पंजासारखें मऊ लागत असेल, तर हवा आहे. पहिल्या दाबांत खोल गेलें, पण लागलीच दुसऱ्यांदा दाबतां वर येऊन दगडासारखें घट्ट झालें, तर बहुधा हवा नसून लायनर झिजल्यामुळें शू व ड्रम यांमध्यें अंतर पडलें आहे. तेथें अॅडजस्टर फिरवून शू जवळ आणणें हाच उपाय होय. आणि पायडल घट्ट लागून, पाय तसाच दाबून धरला असतां सावकाश खालीं खचत गेलें, तर ऑइल कोठें तरी निसटत आहे. बाहेर कोठेंच ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरांतील रबरी वॉशर संपले असें समजावें. या तिसऱ्या प्रकारांत हवा काढीत बसणें म्हणजे फुटक्या पोहऱ्यानें पाणी शेंदणें. चाकाच्या आंतल्या अंगास टायरवर ऑइलचा ओघळ दिसला, तर त्या चाकाचा सिलिंडर आधीं दुरुस्त करावा. हवा आपण होऊन नळींत जन्मास येत नाहीं. ती कोठून शिरली हें शोधल्याखेरीज केलेलें काम चार दिवसांचें.

आतां ऑइलविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे, कारण अनर्थ बहुधा येथेंच होतो. अगदीं आरंभींच्या काळीं या ब्रेकांत एरंडेल व मद्यार्क यांचें मिश्रण घालीत. हल्लींचें ऑइल ग्लायकोल जातीचें असून डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ असें छापलेलें असतें. आपल्या गाडीच्या टाकीच्या झांकणावर किंवा पुस्तकांत जें सांगितलें असेल तेंच घ्यावें. डॉट ५ हें सिलिकोनचें, अगदीं निराळ्या जातीचें आहे; तें यांत मिसळूं नये. इंजिन ऑइल, रॉकेल, डिझेल यांचा तर थेंबही या टाकींत पडतां कामा नये. खनिज तेलानें आंतील रबर फुगतें, वॉशर अडकून बसतात, आणि मग सारीं रबरें बदलण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. पुष्कळ ट्रॅक्टरांचे ब्रेक गिअर-पेटीच्या तेलांत बुडालेले असतात, त्यावरून "तेल तें तेल" असा समज होतो. तो जीपपुरता सोडून द्यावा.

दुसरी गोष्ट अशी कीं हें ऑइल हवेंतील ओल शोषून घेतें. कोऱ्या डॉट ३ चा उत्कलनबिंदु निदान २०५ अंश सेंटिग्रेड व डॉट ४ चा २३० अंश असावा लागतो. शेंकडा पावणेचारच्या आसपास पाणी मुरलें कीं ही मर्यादा अनुक्रमें १४० व १५५ अंशांपर्यंत खालीं येते. लातूर बालाघाटाच्या पठारावर आणि नांदेड खालीं गोदावरीच्या कांठीं. भरलेली गाडी घेऊन उतरणीवर सतत ब्रेकावर पाय ठेवला तर ड्रम तापतात, चाकाजवळील ऑइल उकळूं लागतें, आणि त्याची वाफ हवेसारखीच दबते. सकाळीं घट्ट असलेलें पायडल उताराच्या तळाशीं पोंचेपर्यंत पोकळ कसें झालें, याचें कारण हें. उतारास खालच्या गिअरमध्यें उतरावें, आणि दर दोन वर्षांनीं सर्व ऑइल बदलावें. गेल्या वर्षीं फोडलेला अर्धा डबा मृगापासून कोठींत पडून असेल, तर तो या कामीं वापरूं नये. हवा काढण्यापुरतें अर्धा लिटर पुरतें. सर्व जुनें ऑइल बदलावयाचें असल्यास एक लिटर जवळ ठेवावें.

कामास दोन माणसें लागतात. आदल्या सायंकाळीं चारही चाकांचीं निपलें, ज्यांस मिस्त्री ब्लीडर म्हणतात, तारेच्या ब्रशानें घांसून त्यांवर गंज सोडविणारें तेल टाकून ठेवावें. त्यांच्या तोंडावर गंज असतांना जोर केला तर निपल तुटून सिलिंडरच बदलावा लागतो. साधा पाना निपलाचे कोपरे गोल करतो, म्हणून रिंग पानाच घ्यावा. सपाट, टणक जागीं गाडी उभी करून चाकांस पुढून-मागून दगड लावावे. गाडी उचलावी लागली तर केवळ जॅकवर विसंबून खालीं शिरूं नये. भक्कम घोडा लावावा. काळ्या मातींत जॅक केव्हां कलेल याचा नेम नाहीं.

जुन्या जीपमध्यें मास्टर सिलिंडर गाडीवानाच्या पायाखालीं असून तेथील पत्रा काढून ऑइल घालावें लागतें. त्या जागीं वर्षभराची माती सांचलेली असते. ती पूर्ण पुसल्याखेरीज झांकण उघडूं नये. वाळूचा एक कणही वॉशरास ओरखडा पाडण्यास पुरेसा आहे. झांकणाचें बारीक छिद्र बुजलें असल्यास तेंही मोकळें करावें.

मास्टर सिलिंडरापासून जें चाक सर्वांत लांब, त्यापासून आरंभ करावा. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्यानें सामान्यतः मागचें डावें, मागचें उजवें, पुढचें डावें व शेवटीं पुढचें उजवें असा क्रम येतो. कांहीं गाड्यांत नळ्यांची जोडणी तिरपी असते. तेथें गाडीच्या पुस्तकांतील क्रम पाळावा. निपलावर पारदर्शक नळी घट्ट बसवून तिचें दुसरें टोंक बाटलींतील थोड्या ताज्या ऑइलमध्यें बुडवून ठेवावें. सलाइनची नळी या कामीं चांगली चालते. नंतर आंत बसलेल्यानें पायडल दोन-तीन वेळां सावकाश दाबून शेवटच्या दाबास धरून ठेवावें व "धरलें" म्हणावें. चाकापाशीं बसलेल्यानें निपल पाव ते अर्धा आटा ढिलें करावें. ऑइलबरोबर बुडबुडे बाहेर येतील व पायडल खालीं जाईल. तें खालींच धरलेलें असतां निपल आवळावें, मग "सोड" म्हणावें. सर्व खुबी या क्रमांत आहे. निपल उघडें असतांना पाय उचलला, तर जेवढी हवा गेली तेवढी परत आंत ओढली जाते. घाईचा मुलगा आंत बसवूं नये. शांत डोक्याचा गडी बरा.

पायडल अगदीं तळास नेऊं नये, त्याखालीं लांकडाचा ठोकळा ठेवावा. जुन्या मास्टर सिलिंडराचा जो भाग नित्य वापरांत येत नाहीं तेथें गंज धरलेला असतो, व वॉशर त्यावरून गेला कीं चिरतो. हवा काढल्यानंतर दुसऱ्याच दिवशीं ब्रेक गेल्याच्या कित्येक तक्रारींचें मूळ येथें असतें. तसेंच दर सहा-सात दाबांनंतर टाकी पाहावी. ती रिकामी झाली तर वरूनच हवा शिरते आणि पहिल्या चाकापासून सर्व काम पुन्हां करावें लागतें. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येऊं लागलें म्हणजे पुढच्या चाकाकडे वळावें. बाटलींत उतरलेलें ऑइल स्वच्छ दिसलें तरी टाकींत परत ओतूं नये. अंगावर किंवा गाडीच्या रंगावर सांडल्यास लगेच पाण्यानें धुवावें. हें रंग उतरवितें.

पुढील चाकांस डिस्क असून कोणी पूर्वीं कॅलिपर काढले असतील, तर निपल वरच्या बाजूस आहे कीं नाहीं तें पाहावें. डावा कॅलिपर उजवीकडे बसला कीं निपल खालीं येतें, हवा वर अडकून राहते, आणि दिवसभर पायडल मारलें तरी ती निघत नाहीं. नव्या गाड्यांत संगणकी ब्रेक असतात. त्यांचें काम घरीं करूं नये.

काम झाल्यावर पायडल पूर्ण जोरानें दाबून मिनिटभर धरावें व प्रत्येक निपल, प्रत्येक सांधा कोरड्या फडक्यानें पुसून पाहावा. मग गाडी प्रथम मोकळ्या शेतांत किंवा खळ्यावर चालण्याच्या वेगानें चालवून थांबवावी; एका बाजूस ओढते काय, तेंही पाहावें. पहिल्याच दाबास ती थांबली तर डांबरी रस्त्यावर न्यावी. नाहीं तर पोतीं त्या दिवशीं दुसऱ्याच्या गाडीनें पाठवावीं. हातब्रेक या ऑइलवर चालत नाहीं, त्याची दोरी किंवा सळई निराळी असते. तीही याच वेळीं ताणून घ्यावी, कारण नळी फुटली असतां तेवढाच आधार उरतो. अगदीं जुन्या गाड्यांत चारही चाकांस एकच मार्ग असल्यानें एक नळी फुटली कीं चारही ब्रेक एकदम जातात.

उरलेलें जुनें ऑइल बांधावर किंवा विहिरीच्या कडेस ओतूं नये. तें विषारी आहे. ज्या भांड्यांत तें काढलें तें भांडें पुन्हां जनावरांच्या पाण्यास किंवा पेंडीस वापरूं नये, आणि बाटलीवर नांव लिहून, मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा ठिकाणीं ठेवून, गांवास जातांना जुनें तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावी.