सात सेकंदांत गाडीबाहेर

प्रश्न : फॉर्म्युला वनची शर्यत बघताना आमच्या घरात वाद झाला. चालकाचं फक्त हेल्मेट दिसतं. बाकी तो गाडीत रुतलेला, पट्ट्यांनी आवळलेला असतो. त्यात आता डोक्याभोवती तो ‘हेलो’ नावाचा दांडा. आग लागली तर माणूस यातून निघणार कसा? मुलगी म्हणते, हेलोमुळे उलट अडकायलाच होत असेल. तिचं बरोबर आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुलीची शंका रास्त आहे. हेलोमुळे बाहेर पडायला जास्त वेळ लागतो, आणि हे नियमातच मान्य केलेलं आहे. पूर्वी फॉर्म्युला वनच्या चालकाला पूर्ण पोशाखात, सगळे पट्टे बांधलेल्या अवस्थेतून, स्टिअरिंग काढून पाच सेकंदांत गाडीबाहेर यावं लागे. २०१८ मध्ये हेलो सक्तीचा झाला आणि ही मुदत सात सेकंदांची झाली. म्हणजे दोन सेकंद गेले. त्या बदल्यात काय मिळालं, ते पुढे सांगतो.

आधी ही परीक्षा नीट समजून घेऊ. चालक बाहेर आला की संपली, असं नाही. काढलेलं स्टिअरिंग त्याला परत जागेवर बसवावं लागतं, आणि हे सगळं मिळून बारा सेकंदांत. ज्याच्या गाडीला आग लागली आहे त्यानं स्टिअरिंग कशाला बसवायचं, असं वाटेल. पण बंद पडणारी प्रत्येक गाडी जळत नसते. ती ट्रॅकच्या मधोमध उभी राहिली तर ढकलून बाजूला न्यावी लागते, आणि स्टिअरिंगच नसेल तर मार्शल, म्हणजे ट्रॅकवरचे मदतनीस, चाकं वळवणार कशी? परीक्षेच्या वेळी पुढची चाकं किती वळलेली असतील, हेही अधिकारीच ठरवतो, कारण खरा अपघात चाकं सरळ करून होत नाही.

माझ्या मते या नियमाचं खरं मोल वेगळंच आहे. वरवर ती चालकाच्या चपळाईची कसोटी दिसते, पण ती गाडी बनवणाऱ्याचीही कसोटी आहे. दार उघडण्याची किंवा स्टिअरिंगखेरीज दुसरा कुठलाही भाग काढण्याची गरज पडता कामा नये, अशी कॉकपिटची रचना त्याला करावीच लागते. हवा कापण्यासाठी गाडी कितीही अरुंद करावीशी वाटली, तरी तिथे त्याचा हात थांबतो.

आता प्रत्यक्ष कृती. दोन्ही खांद्यांवरून, कमरेच्या दोन्ही बाजूंनी आणि मांड्यांमधून आलेले सहा पट्टे पोटावरच्या एकाच गोल कुलपात अडकवलेले असतात. ते कुलूप फिरवलं की सगळे एकदम मोकळे होतात. स्टिअरिंगच्या मागे हातानं ओढायची कडी असते. ती ओढली की स्टिअरिंग हातात येतं. मग कडांवर जोर देऊन, पाय मागे ओढत उभं राहायचं. हे शेवटचं काम सगळ्यात अवघड, कारण चालक जवळजवळ आडवा झोपलेला असतो आणि त्याचे पाय कमरेपेक्षाही उंच असतात. डोळ्यांनी शोधत बसायला सवड नसते. हातांना वाट पाठ असावी लागते, आणि ती सरावाशिवाय पाठ होत नाही.

स्टिअरिंग चटकन निघण्याचं महत्त्व कळायला १९६६ च्या बेल्जियन ग्रां प्रीपर्यंत मागे जावं लागेल. स्पाच्या ट्रॅकवर पाऊस आला आणि जॅकी स्ट्युअर्ट या चालकाची गाडी घसरून ट्रॅकबाहेर जाऊन आदळली. वाकलेल्या गाडीत त्याचे पाय स्टिअरिंगखाली अडकले होते आणि फुटलेल्या टाकीतलं पेट्रोल त्याच्या अंगावर सांडत होतं. आसपास मार्शल नव्हते, अवजारं नव्हती. ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्डुरंट या त्याच पावसात घसरलेल्या दोघा चालकांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणला आणि स्टिअरिंग खोलून त्याला सोडवलं. सुमारे पंचवीस मिनिटं तो पेट्रोलमध्ये भिजत पडला होता. एक ठिणगी पुरली असती. पुढे स्ट्युअर्ट आपल्या गाडीत स्टिअरिंगजवळ पाना चिकटवूनच शर्यतीला उतरू लागला, आणि सुरक्षिततेसाठी तो इतका भांडला की अनेकांनी त्याला भित्रा ठरवलं. आजचा प्रत्येक चालक त्या भांडणाचा ऋणी आहे, असं मला मनापासून वाटतं.

त्याच काळात बरेच चालक पट्टा बांधायलाच तयार नसत. जळत्या गाडीत अडकण्यापेक्षा बाहेर फेकलं जाणं बरं, असा त्यांचा हिशोब होता. पेट्रोलच्या टाक्या तेव्हा इतक्या सहज फुटत की हा हिशोब अगदी वेडगळही म्हणता येत नाही. टाकी न फुटणारी झाली, कपडे न पेटणारे झाले, तेव्हाच पट्ट्यावर विश्वास बसला. सहा टोकांचा पट्टा १९७२ पासून सक्तीचा आहे. तरीही १९७६ मध्ये नुर्बर्गरिंगला निकी लाउडा जळत्या फेरारीत अडकलाच. त्याला बाहेर काढलं ते मागून आलेल्या चार चालकांनी, आणि पट्ट्याचं कुलूप आर्तुरो मेर्झारियोनं आगीत हात घालून उघडलं.

आता तुमच्या मुलीच्या प्रश्नाकडे. २९ नोव्हेंबर २०२० ची बहरीन ग्रां प्री. पहिल्याच फेरीत रोमां ग्रोजाँ या फ्रेंच चालकाची हास संघाची गाडी डॅनिल क्व्यातच्या गाडीला घासली, उजवीकडे वळली आणि ताशी १९२ किलोमीटर वेगानं लोखंडी कठड्यावर आदळली. धक्का गुरुत्वाकर्षणाच्या ६७ पट होता. गाडीचे दोन तुकडे झाले, इंजिनासकट मागचा भाग वेगळा पडला आणि चालक बसलेला पुढचा सांगाडा कठड्याचे पत्रे फाडून आत घुसला. पेट्रोल वाहून नेणारी जोडणी टाकीपासून उखडली आणि क्षणात भडका उडाला.

ग्रोजाँ शुद्धीवर होता, आणि ते हेलोमुळे. फाटलेला लोखंडी पत्रा ज्या उंचीवरून आला, तिथे त्याचं डोकं होतं. हेलो नसता तर बाहेर पडण्याचा प्रश्न उरलाच नसता.

पट्टा सोडून तो उठू गेला तर डोकं कशाला तरी अडलं. तो परत खाली बसला. एका बाजूनं प्रयत्न केला, मग दुसऱ्या. पुढे मुलाखतींत त्यानं सांगितलं आहे की त्या क्षणी त्याला लाउडा आठवला; मग मुलांचा विचार आला आणि आपण निघालंच पाहिजे असं त्यानं ठरवलं. डावा पाय अडकला होता. त्यानं बूट तिथेच सोडून पाय उपसून काढला, जागचं हललेलं डोक्यामागचं पॅडिंग आणि स्टिअरिंग बाजूला सारलं, आणि अंग पिळत वर आला. वैद्यकीय गाडी ११ सेकंदांत पोचली होती. डॉक्टर इयन रॉबर्ट्स आगीजवळ उभे होते, एक मार्शल ज्वाळांवर पावडर मारत होता. सुमारे २७ सेकंदांनी ग्रोजाँ बाहेर आला. हात भाजले होते, पण तो आपल्या पायांवर चालत गेला.

सात सेकंदांच्या कसोटीला उतरलेल्या माणसाला २७ सेकंद लागले. म्हणूनच सात हा आकडा एकटा पुरत नाही. उरलेले वीस सेकंद न पेटणाऱ्या धाग्याच्या पोशाखानं, हेल्मेटनं आणि त्या पावडरच्या फवाऱ्यानं दिले. हेलो आला तेव्हा त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्यांमध्ये स्वतः ग्रोजाँ होता. हॉस्पिटलमधून त्यानं जाहीरपणे आपलं मत बदललं. बरोबर आठवड्यानं, ६ डिसेंबरला, बहरीनलाच आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. त्याच्याही गाडीवर हेलो होता.

आता एक गोष्ट जी टीव्हीवर सहसा सांगत नाहीत. घाईनं बाहेर येणं प्रत्येक वेळी शहाणपणाचं नसतं. आजच्या फॉर्म्युला वन गाडीत उच्च दाबाची बॅटरी असते. गाडीवरचा दिवा हिरवा असेल तर शरीरातून वीज जाण्याचा धोका नाही. लाल असेल तर चालकानं गाडीवर उभं राहून दोन्ही पायांनी लांब उडी मारायची. एक हात गाडीवर आणि एक पाय जमिनीवर, असं क्षणभरही चालत नाही. बॅटरीची ही तंत्रं नवी होती तेव्हा, २००८ मध्ये हेरेझला चाचणीदरम्यान बीएमडब्ल्यू संघाच्या एका मेकॅनिकला गाडीला हात लावताच झटका बसला होता.

आग नसेल आणि मानेला किंवा पाठीला मार बसल्याची शंका असेल, तर चालकानं हलूच नये. बचावपथक त्याला आसनासकट उचलतं. आसन त्यासाठीच सुटं होणारं बनवलेलं असतं. आणि तिसरं, बाहेरचा ट्रॅक. २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात मातीच्या ट्रॅकवर गाडी सोडून चालत निघालेला एक तरुण चालक दुसऱ्या गाडीखाली सापडून गेला. त्यानंतर नॅस्कार या अमेरिकी शर्यत-संघटनेनं नियम केला : आग किंवा धूर नसेल तर मदत येईपर्यंत गाडीतच बसायचं.

तेव्हा मुलीला सांगा, हेलोमुळे दोन सेकंद जास्त लागतात हे तिचं म्हणणं बरोबर. पण ते दोन सेकंद वापरायला माणूस जिवंत आणि शुद्धीवर राहतो तो हेलोमुळेच. माझ्या लेखी हा सौदा चांगला आहे.

आणि तुमच्यासाठी एक विनंती. आपल्या घरच्या गाडीला कुणी सात सेकंदांची परीक्षा घेत नाही. ती तुम्हीच घ्या. गाडी उभी असताना, डोळे मिटून पट्टा सोडून दार उघडता येतं का, ते घरातल्या प्रत्येकाला करून बघू द्या. मागच्या दाराचं चाइल्ड लॉक लागलेलं आहे का आणि ते कसं काढायचं, ते बघून ठेवा. काच फोडायची हातोडी घेतली असेल तर ती डिकीत ठेवू नका; पट्टा बांधून बसल्या जागी हात पोचेल अशी ठेवा. समोरची काच दोन थरांची असते आणि सहज फुटून पडत नाही. फोडायची वेळ आली तर दाराची काच, आणि तीही मधोमध नव्हे, कोपऱ्यात फोडावी. हे सगळं येत्या रविवारीच करा.